‘कुमारी’ की ‘तरुणी’? एका शब्दाचा जुना वाद

डिसेंबर लागला की दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, सार तेच: येशूचा कुमारीच्या पोटी जन्म ही निव्वळ भाषांतराची चूक आहे, मूळ हिब्रूत ‘तरुण मुलगी’ असा शब्द होता, ग्रीक भाषांतरकाराने त्याची ‘कुमारी’ केली आणि दोन हजार वर्षं जग फसलं. खाली हसणारे चेहरे. मग कुणी ख्रिस्ती मित्र चिडून लिहितो की मूळ शब्दाचा अर्थ ‘कुमारी’च होता, आमच्या विरोधकांनी तो बदलला. दोन दिवस गरमागरमी होते आणि ग्रुप ॲडमिन कंटाळून सगळ्यांना गप्प करतो.

आमच्या नगर जिल्ह्यात हा विषय लांबचा नाही. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, तेव्हापासून गावोगावी ख्रिस्ती घरं आहेत. नाताळला त्यांच्याकडून फराळाचं ताट आपल्याकडे येतं, दिवाळीला आपलं त्यांच्याकडे जातं. ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्या देवाच्या आईवरून हसायचं असेल, तर निदान विषय नीट माहीत करून घ्यावा. आणि माहीत करून घेतलं तर मेसेजवाला आणि चिडलेला मित्र, दोघंही अर्धवट निघतात. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गोष्ट सुरू होते इ.स.पू. ७३५ च्या आसपास, जेरुसलेममध्ये. यहूदा नावाचं छोटं राज्य आणि त्याच्या गादीवर आहाज नावाचा तरुण राजा. उत्तरेकडचे दोन शेजारी, अरामचा रसीन आणि इस्राएलचा पेकह, त्याच्यावर चालून येत होते. अश्शूर ही तेव्हाची महासत्ता. तिच्याविरुद्ध या दोघांनी आघाडी केली होती आणि आहाज त्यांच्यात यायला तयार नव्हता. म्हणून त्याला हटवून आपल्या सोयीचा माणूस गादीवर बसवायचा, असा बेत. (आघाडीचं राजकारण आपल्याला काही नवीन नाही.) आहाज वरच्या तळ्याच्या पाटापाशी गेलेला असतो, बहुधा वेढा पडला तर पाण्याचं काय, हे बघायला. तिथे यशया संदेष्टा आपल्या मुलाला बरोबर घेऊन त्याला भेटतो. म्हणतो, घाबरू नकोस, हे दोघे म्हणजे विझत आलेली लाकडं आहेत. देवाकडे एखादं चिन्ह माग. आहाज मागत नाही. मग यशया स्वतःच चिन्ह सांगतो. एक ‘आल्मा’ गर्भवती होऊन मुलाला जन्म देईल, त्याचं नाव इम्मानुएल, म्हणजे ‘देव आमच्याबरोबर’. आणि त्या मुलाला बरं-वाईट कळायला लागायच्या आत या दोन्ही राजांचे मुलूख ओसाड झालेले असतील.

हे शेवटचं वाक्य मेसेजमध्ये कधीच नसतं, आणि उत्तरातही नसतं. मूळ प्रसंगात मूल हे घड्याळ आहे. मूल जन्मेल, थोडं कळतं होईल, तेवढ्या वेळात संकट टळेल. आहाजला हवं होतं ते ‘कधीपर्यंत’. घडलंही जवळपास तसंच. अश्शूरने इ.स.पू. ७३२ मध्ये दमास्कस घेतलं आणि ७२२ मध्ये इस्राएलची राजधानी शोमरोन पडली. आहाजचा मात्र संदेष्ट्याच्या शब्दावर भरवसा बसला नाही. त्याने मंदिरातलं सोनं-चांदी काढून अश्शूरच्या राजाला नजराणा पाठवला होता.

आता तो शब्द. ‘आल्मा’ म्हणजे लग्नाच्या वयाला आलेली तरुण मुलगी. हिब्रूत कौमार्याकडे बोट दाखवायचं असेल तर सहसा ‘बतुला’ हा शब्द येतो. यशयाने तो वापरलेला नाही. पण ‘आल्मा’ म्हणजे कुमारी नव्हेच, असंही म्हणता येत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात रिबकेला एकाच प्रकरणात ‘बतुला’ही म्हटलंय आणि ‘आल्मा’ही. त्या समाजात लग्नाच्या वयाची बिनलग्नाची मुलगी कुमारी असणार, हे गृहीतच होतं. शब्द वय सांगतो, बाकीचं समाज समजून घेतो.

आणखी एक बारकावा. हिब्रूत नुसतं ‘आल्मा’ नाही, ‘हा-आल्मा’ आहे, म्हणजे ‘ती’ तरुणी. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला माहीत असलेली कुणीतरी. पुढचा शब्दही असा आहे की ‘गर्भवती आहे’ आणि ‘गर्भवती होईल’ दोन्ही अर्थ निघतात. ती कोण? ज्यू परंपरेत काहींनी म्हटलं आहाजची राणी, म्हणजे मूल हिज्कीया. त्यावर हिशेब मांडणाऱ्यांनी आक्षेप घेतला की हिज्कीया तेव्हा आधीच जन्मलेला होता. अकराव्या शतकातल्या राशी या थोर भाष्यकाराने यशयाची स्वतःची बायको धरली. एकमत नाही.

पुढचा मुक्काम इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया. तिथे ज्यू लोकांची मोठी वस्ती होती, पण पिढ्या ग्रीक बोलण्यात गेलेल्या. नातवंडांना हिब्रू कळेना म्हणून इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणायला सुरुवात झाली. बहात्तर पंडितांनी हे काम केलं अशी कथा आहे, म्हणून नाव सेप्टुअजिंट, ‘सत्तरांचं’. यशयाचं पुस्तक त्यात साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकात आलं. भाषांतरकाराने ‘आल्मा’साठी शब्द निवडला ‘पार्थेनॉस’.

ग्रीकमध्ये ‘पार्थेनॉस’ म्हणजे कुमारी, बरोबर. पण याच सेप्टुअजिंटमध्ये उत्पत्तीच्या चौतिसाव्या अध्यायात दीनावर अत्याचार झाल्यानंतरही तिला ‘पार्थेनॉस’ म्हटलंय. म्हणजे या भाषांतरांच्या ग्रीकमध्येही हा शब्द ‘तरुण मुलगी’ एवढ्या अर्थाने चालत होता. शिवाय ‘कुमारी गर्भवती होईल’ यात आपोआप चमत्कार येतो कुठे? आज कुमारी आहे, उद्या लग्न होईल, मूल होईल. हा भाषांतरकार ज्यू होता, येशूच्या जन्माच्या शे-दीडशे वर्षं आधीचा. ख्रिस्ती धर्म पुढे येणार आहे याची त्याला कल्पना असायचं कारण नव्हतं. त्याने कुणाला फसवलं म्हणणं म्हणजे आजोबांवर नातवाच्या भांडणाचा गुन्हा दाखल करणं.

मग येतो मत्तय. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात, ग्रीकमध्ये लिहिणारा. मरिया योसेफाला वाग्दत्त आहे, एकत्र येण्याआधीच ती पवित्र आत्म्याने गर्भवती आहे, हे सांगून झाल्यावर तो म्हणतो की संदेष्ट्याचं वचन पूर्ण व्हावं म्हणून हे घडलं. आणि यशयाचं ते वाक्य देतो, ‘पार्थेनॉस’सकट. इथून पुढे हा शब्द आहाजच्या दरबारातून उठून गव्हाणीत आला.

मेसेजवाल्याचा दावा असा की मत्तयने ग्रीक यशया वाचला, त्यात ‘कुमारी’ दिसली आणि त्यावरून गोष्ट रचली. मला हे पटत नाही. पहिलं कारण लूक. त्यानेही मरियेचं कौमार्य स्पष्ट सांगितलंय. देवदूताला ती विचारते की मी पुरुष जाणत नाही तर हे कसं होईल. पण लूक यशयाचं ते वाक्य कुठेच देत नाही. दुसरं कारण खुद्द मत्तयच. पुढच्याच अध्यायात इजिप्तमधून मुलाला बोलावल्याचं होशेयचं वचन तो देतो. तिथे ग्रीक सेप्टुअजिंटमध्ये ‘त्याची मुलं’ असं आहे आणि हिब्रूत ‘माझा मुलगा’. मत्तय तिथे हिब्रूच्या बाजूने जातो. म्हणजे तो ग्रीक भाषांतराचा कैदी नव्हता. हातात गोष्ट आधीच होती आणि तिला जुळणारं वचन तो शोधत होता. जिथे जे रूप जुळलं ते त्याने घेतलं. रेमंड ब्राऊन या कॅथलिक अभ्यासकाने १९७७ मध्ये येशूजन्माच्या कथांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. कुमारीजन्माची कल्पना यशयाच्या वचनातून निघाली नाही, ती आधीची आहे, असंच त्याचंही मत.

आणि कुराण बघा. त्यात मरियमच्या नावाचा अख्खा सूरा आहे. पुरुषाच्या स्पर्शाशिवाय इसाचा जन्म झाला हे तिथे ठामपणे मान्य केलंय. यशयाचा उल्लेखही नाही, ‘आल्मा’ नाही, ‘पार्थेनॉस’ नाही. एका ग्रीक शब्दावर ही श्रद्धा टांगलेली असती तर ती तिथे पोचली नसती.

पण याचा अर्थ भाषांतराने काहीच फरक पडला नाही असाही नाही. जन्मावरची श्रद्धा भाषांतराने घडवली नाही. मात्र ‘हे सातशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं’ ही दुसरी श्रद्धा मात्र पूर्णपणे त्या शब्दावर उभी राहिली. आणि वाद करताना माणसाला पहिलीपेक्षा दुसरीच जास्त उपयोगी पडते, कारण ती पुरावा म्हणून समोरच्याच्या तोंडावर फेकता येते.

ती फेकली गेली ज्यू लोकांच्या तोंडावर. दुसऱ्या शतकाच्या मध्यात जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने ट्रायफो या ज्यूशी झालेला संवाद लिहिलाय. ट्रायफो म्हणतो, शब्द ‘तरुणी’ असा आहे आणि ते मूल म्हणजे हिज्कीया. वर टोमणा मारतो की ग्रीकांच्या पुराणात डॅनीच्या पोटी असाच पर्सियस जन्मला होता, तुम्हीही तेच सांगताय. (आपल्याकडचा वाचक इथे लगेच कर्ण म्हणेल. बिनलग्नाच्या मुलीला झालेल्या मुलासाठी आपल्याकडे ‘कानीन’ असा स्वतंत्र शब्दच आहे, आणि व्यासही कानीनच. पण कुंतीची गोष्ट आणि मरियेची गोष्ट सांगण्यामागचा हेतू वेगळा आहे, तो गुंता आज नको.) जस्टिन उलट आरोप करतो की तुमच्या पंडितांनी शास्त्रात फेरफार केले. त्याच्या थोडं आधी अक्विला याने हिब्रूला धरून नवं ग्रीक भाषांतर केलं होतं आणि त्यात ‘पार्थेनॉस’ काढून ‘नेआनिस’, म्हणजे तरुणी, घातलं होतं. ज्यू वस्त्यांनी ते स्वीकारलं, ख्रिस्ती मंडळींनी सेप्टुअजिंट धरून ठेवलं. गंमत अशी की सेप्टुअजिंट ज्यूंनी ज्यूंसाठी केलेलं पुस्तक. ते त्यांनी टाकलं आणि दुसऱ्यांचं झालं.

‘ज्यूंनी ग्रंथ बदलला’ हा आरोप पुढे शतकानुशतकं चालला. मध्ययुगात युरोपात ज्यू पंडितांना सक्तीच्या जाहीर वादांत उभं केलं जायचं आणि पॅरिसमध्ये तर १२४२ च्या सुमारास गाड्या भरभरून तालमूद जाळले गेले. मार्टिन ल्यूथरने ‘आल्मा’ म्हणजे विवाहित स्त्री असं कुणी सिद्ध केलं तर शंभर नाणी देईन, अशी पैज लावली होती. तोच ल्यूथर १५४३ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळा असं लिहून गेला. अर्थाचा वाद शब्दकोशात राहिला असता तर ठीक होतं, तो माणसांच्या घरादारापर्यंत गेला.

फेरफाराच्या आरोपाचा निकाल लागला १९४७ नंतर. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत एका धनगर पोराला चामड्याच्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यात यशयाची अख्खी गुंडाळी होती, येशूच्या जन्माच्या सुमारे शंभर वर्षं आधी लिहिलेली. ख्रिस्ती-ज्यू भांडण सुरू व्हायच्या आधीचा कागद म्हणा ना. त्यात शब्द आहे ‘हा-आल्मा’. तेव्हाही तोच, आताही तोच. कुणी काही बदललेलं नव्हतं.

मधल्या काळात लॅटिनचं एक प्रकरण झालं. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोम बेथलेहेमला राहून थेट हिब्रूवरून लॅटिनमध्ये भाषांतर करत होता. त्याला ‘आल्मा’ आणि ‘बतुला’तला फरक चांगला माहीत होता. तरी त्याने ‘विर्गो’, कुमारी, ठेवलं. ‘आल्मा’ म्हणजे नुसती कुमारी नव्हे, जपून आत ठेवलेली कुमारी, असा त्याचा युक्तिवाद. पण लोक शब्दांना किती चिकटलेले असतात ते दुसऱ्याच ठिकाणी दिसलं. योनाच्या गोष्टीत एक वेल आहे. जुन्या भाषांतरात तो भोपळ्याचा होता, जेरोमने आयव्हीचा केला. आजच्या लिबियातल्या ट्रिपोलीमध्ये एका बिशपने ते नवं भाषांतर वाचलं आणि चर्चमध्ये असा गदारोळ झाला की बिशपवर मंडळी गमावायची वेळ आली. ऑगस्टिनने जेरोमला पत्र लिहून ही तक्रार कळवली आहे. भोपळ्यासाठी हे, तर देवाच्या आईसाठी काय होईल?

काय होईल ते १९५२ मध्ये अमेरिकेत दिसलं. रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्शन हे नवं इंग्रजी बायबल त्या सप्टेंबरात बाहेर आलं. समिती नामवंत अभ्यासकांची, अध्यक्ष येल विद्यापीठाचे ल्यूथर वीगल. त्यांनी यशयात ‘कुमारी’ऐवजी ‘तरुण स्त्री’ छापलं, तळटीपेत ‘किंवा कुमारी’ असं दिलं. मत्तयात आणि लूकमध्ये ‘कुमारी’ जशीच्या तशी ठेवली, कारण तिथे मूळ ग्रीकच तसं आहे. म्हणजे मरियेच्या कौमार्याला कुणी हातही लावला नव्हता. तरी ३० नोव्हेंबर १९५२ ला नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉकी माउंट गावात मार्टिन ल्यूथर हक्स या पाद्रीने यशयाचं ते पान फाडून जाहीरपणे जाळलं. दुसऱ्या एका पाद्रीने अख्खं पुस्तक जाळून राख डब्यात भरून वीगलना पाठवली. ती राख समितीने जपून ठेवली, पुढे अभ्यासक ब्रूस मेट्झगर हे सगळ्यांना सांगत. पूर्वी भाषांतरकार जाळले जायचे, आता पुस्तकावर भागतंय, एवढी प्रगती, असं ते म्हणत. काळ शीतयुद्धाचा, त्यामुळे भाषांतरकार कम्युनिस्ट असल्याची आवईही उठली. १९६० मध्ये तर अमेरिकी हवाई दलाच्या एका प्रशिक्षण पुस्तिकेत तसा मजकूर छापला गेला आणि बोंबाबोंब झाल्यावर ती मागे घ्यावी लागली.

त्यानंतर इंग्रजीत सरळ दोन रांगा झाल्या. १९७८ ची न्यू इंटरनॅशनल व्हर्शन ही पुराणमतवादी मंडळींची, तिच्यात ‘कुमारी’. १९८९ ची न्यू रिवाइज्ड, ‘तरुण स्त्री’. २००१ ची इंग्लिश स्टँडर्ड व्हर्शन तर त्याच जाळलेल्या बायबलाची सुधारित आवृत्ती, पण हा शब्द परत ‘कुमारी’. दुकानात बायबल घेताना पहिल्यांदा यशया ७:१४ उघडायचं आणि पुस्तक ‘आपलं’ की ‘त्यांचं’ ते ठरवायचं, अशी पद्धतच पडली. पण सगळ्यात बोलकं उदाहरण कॅथलिकांचं. १९७० च्या न्यू अमेरिकन बायबलमध्ये ‘कुमारी’ होती, २०११ च्या सुधारित आवृत्तीत ‘तरुण स्त्री’ झाली. कॅथलिक चर्चने मरियेच्या कौमार्याचा सिद्धांत काडीचाही सैल केलेला नाही. दर रविवारच्या श्रद्धा-कबुलीत ते वाक्य आहे तसंच आहे. फक्त यशयाने काय लिहिलं ते यशयाचं, आणि मत्तयने त्यात काय पाहिलं ते मत्तयचं, असं त्यांनी ठेवलं. मला ही भूमिका सगळ्यात स्वच्छ वाटते. आपल्या श्रद्धेवर ज्याचा भरवसा आहे त्याला जुन्या कागदावरचा शब्द सरळ वाचायची भीती वाटू नये.

न्यूज डेस्कवर काम केलेल्या कुणालाही हे कळेल. रात्री एजन्सीची इंग्रजी कॉपी येते, ‘आरोपी’ या अर्थाचा शब्द असतो, घाईत ‘गुन्हेगार’ पडतो आणि सकाळी एक माणूस गावातून उठलेला असतो. वाचकाला तोच अर्थ अपेक्षित होता, हे काही समर्थन होत नाही.

आता आपल्या मराठीकडे. इथे हा तमाशा झालाच नाही, आणि त्याचं कारण भाषेत आहे. फादर स्टीफन्सने मराठी ओवीत लिहिलेलं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, तिथल्या कोकणी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मरिया आजही ‘आंकवार’ आहे. विल्यम कॅरीच्या सेरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला, मग मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, अख्खं बायबल एकटीने मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये पूर्ण छापून आलं, तेही मुक्ती मिशनच्या छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या हातांत त्यांनी सांभाळलेल्या मुली आणि बायका होत्या. खेड्यातल्या बाईला कळेल असं मराठी हवं, हा त्यांचा हट्ट. जगात त्या काळी मूळ भाषांवरून एकट्या बाईने सबंध बायबल आणल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याएवढी, आणि आपण केडगावला फक्त रेल्वे स्टेशन म्हणून ओळखतो.

आज बायबल सोसायटीचं जे मराठी बायबल बहुतेक घरांत आहे, त्यात यशयातही ‘कुमारी’ आणि मत्तयातही ‘कुमारी’. पण हा शब्द इंग्रजी शब्दासारखा शरीराकडे बोट दाखवत नाही. शाळेच्या दाखल्यावर ‘कु.’ लिहितो, नवरात्रात कुमारिका जेवू घालतो, तेव्हा आपण फक्त ‘लग्न न झालेली मुलगी’ एवढंच म्हणत असतो. बाकीचं समाज समजून घेतो. म्हणजे ‘आल्मा’ हिब्रूत जिथे बसला होता, जवळजवळ तिथेच ‘कुमारी’ मराठीत बसलाय. इंग्रजीला दोनातून एक निवडावं लागलं, आपल्याला नाही.

याचा फायदा असा की इथे कुणी पान जाळलं नाही. तोटा असा की मराठी वाचकाला या शब्दामागे एवढं काही दडलंय याचा पत्ताच लागत नाही. मग तो डिसेंबरात एका मेसेजमधून अर्धवट कळतो, आणि ज्याला कळतो त्याला वाटतं आपण काहीतरी चोरी पकडली. यशयाचा सातवा अध्याय मोजून पंचवीस ओव्यांचा आहे. पुढच्या वेळी मेसेज आला की आधी तो आख्खा वाचा, आहाज, पाण्याचा पाट आणि ते दोन राजे सगळ्यांसकट. पाच मिनिटंही लागत नाहीत. कुठल्याही ख्रिस्ती शेजाऱ्याकडे मागितलंत तर पुस्तक मिळेल.